विश्लेषण : जमीनदाराच्या तबेल्यात कुळांचे संग्रहालय! आयर्लंडच्या दुष्काळाची कागदपत्रे घोड्यांच्या पागेत कशी पोहोचली?

युरोपात जमीनदारी संपली, घोडागाड्या गेल्या आणि मोठमोठ्या वाड्यांच्या मागे दगडी तबेले रिकामे उभे राहिले. त्यांतील कित्येकांत आज संग्रहालये आणि कलादालने आहेत. कुठे जुन्या बग्ग्या मांडल्या आहेत, कुठे वाफेची इंजिने, तर कुठे हस्तकलेचे नमुने. आयर्लंडमधील रॉसकॉमन परगण्यात स्ट्रोक्सटाउन नावाचे छोटे गाव आहे. तेथील जमीनदाराच्या तबेल्याच्या आवारात मात्र त्याच जमीनदाराच्या कुळांच्या उपासमारीची कहाणी मांडली आहे, आणि तिचा मोठा आधार आहे खुद्द जमीनदाराच्या कचेरीतले दप्तर. असे संग्रहालय उभे कसे राहिले, त्यासाठी तबेलाच का निवडला जातो आणि त्यातून कोणते वाद निघतात, याविषयी…

तबेला की राजवाडा?

स्ट्रोक्सटाउनचा रुंद रस्ता सरळ एका भव्य कमानीपाशी जाऊन थांबतो. कमानीच्या आत स्ट्रोक्सटाउन पार्क हा माहोन घराण्याचा वाडा आहे. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या स्वारीनंतर आयर्लंडमधील जमिनींची मोठी उलथापालथ झाली, त्या काळात माहोन कुटुंब इथे जमीनदार झाले. अठराव्या शतकात या घराला आजचे रूप मिळाले. ते रिचर्ड कॅसल्स या जर्मनीत जन्मलेल्या वास्तुविशारदाच्या नावावर सांगितले जाते. आज ज्या इमारतीत आयर्लंडची संसद भरते ते डब्लिनचे लेन्स्टर हाउसही त्याचेच.

मधोमध राहते घर आणि दोन्ही बाजूंना दोन अंगे, अशी या वाड्याची रचना आहे. एका अंगात स्वयंपाकघर, दुसऱ्यात तबेला. स्वयंपाकघराला वरून सज्जा आहे. मालकीणबाईंनी खाली न उतरता सज्जातूनच काय रांधायचे ते सांगावे, अशी ती सोय. तबेल्याचे छत दगडी खांबांवर तोललेल्या कमानींचे. घोड्यांचे देऊळ वाटावे असे ते काम आहे. घोड्यांसाठी एवढा खर्च त्या काळी कुणाला खटकत नसे. पाहुणा आला की आधी घोडे पागेत जात आणि मग पाहुणा दिवाणखान्यात. त्यामुळे यजमानाची ऐपत पाहुण्याला तबेल्यातच कळे.

वाड्याखालून एक भुयारी वाटही काढलेली आहे. नोकरचाकर, सामान पोहोचवणारे लोक मालकांच्या नजरेला पडू नयेत म्हणून ती खोदली. घोडे पाहुण्यांना दाखवायचे आणि नोकर लपवायचे, असा हा वाडा बांधणाऱ्यांचा हिशेब दिसतो.

याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवायला हवे. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडमधील घरांचे चार वर्ग पाडले होते. सर्वांत खालच्या वर्गात मातीच्या एकखणी झोपड्या येत. देशातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक घरे याच वर्गातली होती आणि पश्चिमेकडे त्यांचे प्रमाण त्याहून जास्त होते. माहोनांचे घोडे ज्या छताखाली उभे असत, तसे छत त्यांच्या बहुतेक कुळांनी कधी जवळून पाहिलेही नसेल.

१८४७ मध्ये नेमके काय घडले?

बटाट्यावरील करप्याची बुरशी १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये पोहोचली आणि पुढची काही वर्षे पीक पुन्हा पुन्हा बुडाले. गरीब कुळाचे जेवण म्हणजे बटाटाच होता. धान्य पिके, पण ते खंडापोटी जाई. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाच्या साथींनी मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती, ती १८५१ मध्ये ६५ लाखांच्या आसपास आली.

मेजर डेनिस माहोन याच्याकडे जमीनदारी आली तीही १८४५ च्या अखेरीस. त्याआधीचा मालक मनोरुग्ण ठरवला गेला होता, कारभार वर्षानुवर्षे कुणाच्याच हातात नव्हता, कर्ज वाढलेले आणि खंडाची थकबाकी तीन वर्षांची. जमिनीचे तुकडे होत होत इतके लहान झाले होते की त्यांवर कुटुंब पोसणे सुकाळातही कठीण होते. माहोनने जॉन रॉस माहोन या नातलगाला कारभारी नेमले. या कारभाऱ्याने एक हिशेब मांडला, तो आजही वाचवत नाही. गरीब-कायद्यानुसार दुष्काळपीडितांच्या पोटापाण्याचा बोजा स्थानिक करावर, म्हणजे अखेर जमीनदारावर पडत असे. कारभाऱ्याने दाखवून दिले, की या कुळांना वर्षभर अनाथगृहात पोसण्यापेक्षा जहाजाचे भाडे भरून कॅनडाला पाठवले तर सुमारे निम्म्या पैशांत काम भागते.

त्यानुसार मे १८४७ मध्ये १,४९० माणसे स्ट्रोक्सटाउनहून निघाली. रॉयल कालव्याच्या काठाने चालत ती डब्लिनला पोहोचली. वाटेतून कुणी परत फिरू नये म्हणून जमीनदाराचा माणूस बरोबर होता. डब्लिनहून लिव्हरपूल आणि तेथून चार जहाजांनी क्वेबेक. त्यांपैकी ‘व्हर्जिनियस’ या जहाजावर ४७६ प्रवासी होते. त्यांतील १५८ जण समुद्रातच मेले. उरलेल्यांतील बरेच ग्रोस आइल या बेटावर, तपासणीसाठी थांबवून ठेवलेल्या अवस्थेत गेले. जहाजांवर पसरलेला ताप प्रलापक ज्वराचा, म्हणजे टायफसचा होता.

ही बातमी गावात आली तेव्हा मागे राहिलेल्यांना घराबाहेर काढण्याचे काम चालूच होते. २ नोव्हेंबर १८४७ रोजी संध्याकाळी रॉसकॉमन येथील अनाथगृहाच्या मंडळाची बैठक आटोपून मेजर माहोन उघड्या गाडीतून घरी येत होता. वाटेत दबा धरून बसलेल्यांनी गोळ्या घातल्या आणि तो जागीच मेला. दुष्काळाच्या काळात खून झालेल्या जमीनदारांमध्ये हे पहिले मोठे नाव. लंडनमध्ये खळबळ उडाली, लॉर्ड्स सभेत गावच्या धर्मगुरूवर चिथावणीचा आरोप झाला, त्याने तो नाकारला. महिन्याभरात आयर्लंडसाठी कडक दडपशाहीचा कायदा आला. संशयितांना फाशी झाली. उलट बाजूने एल्फिनच्या बिशपने माहोनच्या जमिनीवरून काढलेल्या कुटुंबांची यादीच जाहीर केली. तीत सुमारे तीन हजार माणसे होती.

ज्या बैठकीहून माहोन परतत होता तीत त्याने अनाथगृह चालू ठेवण्याची बाजू घेतली होती, असे सांगितले जाते. खलनायक म्हणून त्याला रंगवणे सोपे आहे, पण कर्जात बुडालेला, कारभाऱ्याचे ऐकणारा आणि सुमारे दीड हजार माणसांचे नशीब आकड्यांत मोजणारा हा गृहस्थ त्या चौकटीत नीट बसत नाही. संग्रहालयाने ही अडचण झाकलेली नाही.

दप्तर वाचले कसे?

माहोनच्या मुलीचे लग्न खुनाच्या आधी काही महिनेच पाकनम घराण्यात झाले होते. पुढे वाडा पाकनम-माहोन या नावाने चालला. १९०३ च्या विंडम कायद्यानंतर सरकारी कर्जाच्या मदतीने कुळे जमिनी विकत घेऊ लागली. महाराष्ट्राच्या वाचकाने याला तिकडचा कूळकायदा म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की तिथे जमीनदाराला चांगला मोबदला आणि वर बोनसही मिळाला. खंड बंद झाला, वाड्याचा खर्च राहिला. १९१९ ते १९२३ या धामधुमीच्या काळात आयर्लंडमध्ये पावणेतीनशेच्या आसपास असे वाडे जाळले गेले. स्ट्रोक्सटाउनचा वाडा वाचला, पण गरीब होत गेला.

१९७९ मध्ये घराण्यातील शेवटच्या वारस ऑलिव्ह पाकनम-माहोन यांनी वाडा विकला. विकत घेणारी होती गावातलीच वेस्टवर्ड ही मोटर व्यवसायातील कंपनी. तिचे मालक जिम कॅलरी यांना मुळात ट्रकच्या धंद्यासाठी थोडी जमीन हवी होती. व्यवहार झाला तो अख्ख्या आवाराचा, घर, सामानसुमान आणि कचेरी यांसह.

कचेरीत जुन्या कागदांचे ढीग होते. त्यांतला एक कागद कॅलरी यांच्या हाती लागला आणि पुढचे सगळे त्यावरून घडले. तो होता ऑगस्ट १८४६ मधला क्लूनाही या वाडीतील कुळांचा अर्ज. बटाट्याचे पीक दुसऱ्यांदा गेले होते. आम्ही कायदा मोडणारे लोक नाही, पण उपासमार अशीच राहिली तर काय होईल सांगता येत नाही, आम्हाला काम द्या, अशा आशयाची ती विनवणी. अर्जाचा सूर नम्र आहे, पण ओळींमधला इशारा जमीनदाराला कळला नसेल असे नाही. कॅलरी याच भागातले. अर्ज करणाऱ्यांच्या वाडीची नावे त्यांना रोजच्या बोलण्यातली.

कागद पुढे पन्नास हजारांहून अधिक निघाले. खंडाच्या वह्या, जमिनीचे नकाशे, कारभाऱ्याची पत्रे, बेदखलीच्या नोंदी, जहाजाच्या खर्चाचे हिशेब. आयर्लंडच्या दुष्काळाविषयी एकाच जमीनदारीतले इतके सलग दप्तर फार क्वचित हाती लागते. पुढे मेनूथ विद्यापीठाच्या मदतीने त्याची नोंदणी झाली. १९८७ मध्ये वाडा लोकांसाठी उघडला आणि मे १९९४ मध्ये तबेल्याच्या आवारातील राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालयाचे उद्घाटन आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते झाले. दुष्काळाला दीडशे वर्षे पुढच्याच वर्षी पूर्ण होणार होती. तोवर या विषयावर मोकळेपणाने बोलणेही आयर्लंडमध्ये तसे अवघडच मानले जाई. कारण मेलेल्यांच्या जमिनी शेजाऱ्यांनी घेतल्या होत्या, आणि त्या शेजाऱ्यांचे वंशज गावातच होते.

संग्रहालयासाठी तबेलाच का?

याची कारणे भावनिक कमी आणि व्यावहारिक जास्त आहेत. वाड्याच्या मुख्य खोल्यांमध्ये फर्निचर, चित्रे, नक्षीकाम असते. तिथे भिंतीला खिळा ठोकायचा म्हटले तरी वारसा-संवर्धनाची परवानगी लागते. तबेला मात्र मुळातच कामाची जागा. दारे गाडी आत जाईल एवढी रुंद, जमीन एका पातळीत, मधे चौक, वर वैरणीचा माळा. बस भरून शाळेची मुले आली तरी चौकात मावतात. तिकीटघर, उपाहारगृह, स्वच्छतागृहे यांना जागा मिळते आणि वाड्याला धक्का लागत नाही.

मात्र घोड्यांना जे मानवते ते कागदाला मानवत नाही. तबेला बांधतानाच तो हवेशीर ठेवतात, फटी आणि झरोके मुद्दाम राखतात. वस्तूंच्या जतनासाठी हवेतला ओलावा शक्यतो स्थिर लागतो. जुन्या कागदावर प्रकाशही फार पडून चालत नाही, साधारण ५० लक्सची मर्यादा पाळली जाते. त्याहून मोठी अडचण भिंतींची आहे. शंभर-दीडशे वर्षे घोड्यांचे मूत्र जमिनीत आणि भिंतींच्या पायथ्याशी मुरलेले असते. त्यातील नायट्रेटचे क्षार दमट हवेत ओल धरतात, कोरड्या हवेत पांढरे होऊन बाहेर फुटतात आणि दगडाचा किंवा विटेचा पापुद्रा सोबत घेऊन गळतात. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो म्हणतात, तोच हा प्रकार. वरून सिमेंट लिंपले तर ओल आत कोंडते आणि भिंत आणखी खराब होते. म्हणून चुन्याचाच गिलावा लागतो, आणि तो जाणणारे गवंडी मिळणे सोपे नाही.

त्यामुळे अनेक ठिकाणी जुन्या भिंतीला न टेकता आत एक स्वतंत्र खोली उभारतात. पेटीत पेटी ठेवावी तशी. हवा, प्रकाश, ओलावा यांचे नियंत्रण फक्त आतल्या पेटीत करायचे. बाहेरची भिंत तिच्या पद्धतीने श्वास घेत राहते. माळ्याचे लाकडी तक्ते वैरणीच्या वजनासाठी केलेले असतात, शंभर माणसांच्या वावरासाठी नाही, तेव्हा तुळया बळकट कराव्या लागतात. फरशी गोट्यांची असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी वेगळी वाट. छपरात वटवाघळे असतील तर आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण आहे, म्हणजे छपराचे कामही त्यांच्या विणीचा काळ टाळून करायचे. हे सगळे होऊनही लाकडी कठडे, गव्हाणी, लोखंडी कड्या जागच्या जागी ठेवायच्या असतात. त्या काढल्या तर तबेल्यात आल्याची खूणच उरत नाही.

इतर तबेल्यांचे काय झाले?

स्ट्रोक्सटाउन हे एकटे उदाहरण नाही. सर्वांत भपकेदार उदाहरण पॅरिसच्या उत्तरेकडील शांतियीचे. कोंदे घराण्याचा सातवा राजपुत्र लुई-आँरी याने वास्तुविशारद जाँ ओबेरकडून १७१९ ते १७३५ या काळात तिथे २४० घोड्यांसाठी तबेला बांधून घेतला. लांबी १८६ मीटर. पुढच्या जन्मी आपण घोडा होणार आणि मग इथेच राहू, अशी या राजपुत्राची समजूत होती अशी दंतकथा आहे. तबेला पाहिला की ती खरी वाटू लागते. १९८२ मध्ये इव्ह ब्येनेमे या घोडेस्वाराने तिथे जिवंत घोड्यांसह संग्रहालय सुरू केले. २०१३ मध्ये ते नव्या मांडणीसह खुले झाले. घोडे आजही तिथेच बांधलेले आहेत, म्हणून या वास्तूला आपला धंदा पूर्ण बदलावा लागला नाही.

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात आर्लिंग्टन कोर्टच्या तबेल्यात नॅशनल ट्रस्टचे घोडागाड्यांचे संग्रहालय आहे. नॉटिंगहॅमच्या वोलटन हॉलच्या तबेल्यात शहराच्या महापालिकेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला औद्योगिक संग्रहालय थाटले. लेस विणण्याची यंत्रे, वाफेची इंजिने असा तिथला संग्रह. २००९ मध्ये पालिकेने आर्थिक हात काढून घेतला आणि संग्रहालय बंद पडले. आज ते चालते ते प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर. चॅट्सवर्थच्या तबेल्याने तर संग्रहालयाच्या वाटेला जाणेच टाळले. अठराव्या शतकात जेम्स पेनने रचलेल्या त्या देखण्या चौकात आज दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. वाड्याचा खर्च निघायचा तर चहा-केक विकणे इंजिनांपेक्षा फायद्याचे, हे कुणीही सांगेल.

कलादालनाचे चांगले उदाहरण आयर्लंडमध्येच, किलकेनीला आहे. तिथल्या बटलर घराण्याच्या किल्ल्याचे तबेले १९६० च्या दशकात सरकारी निर्यात मंडळाने घेतले. आयर्लंडच्या कारखान्यांतील मालाचे रूप अगदीच सुमार आहे, असा अहवाल परदेशी तज्ज्ञांनी दिला होता. त्यावरचा उपाय म्हणून या तबेल्यांत चांदीकाम, विणकाम, मातीकाम यांच्या कार्यशाळा निघाल्या. १९६७ मध्ये किल्लाही अवघ्या ५० पौंडांच्या नाममात्र किमतीत गावाला मिळाला. कार्यशाळा १९८८ मध्ये बंद झाल्या, पण त्याच आवारात आज राष्ट्रीय पातळीवरचे हस्तकला आणि डिझाइन दालन उभे आहे. घोडे गेल्यावर तिथे कारागीर आले, आणि कारागिरांमागून प्रेक्षक.

भारताशी संबंध काय?

आयर्लंडच्या दुष्काळासाठी देशाबाहेरून आलेल्या सुरुवातीच्या मोठ्या मदतीपैकी एक कलकत्त्याहून गेली होती, सुमारे १४ हजार पौंडांची. कंपनी सरकारच्या फौजेत आणि नोकरीत आयरिश माणसे बरीच होती, त्यांनी पुढाकार घेतला. मुंबईतूनही वर्गणी गेली.

दुसरा धागा तितका सुखाचा नाही. दुष्काळ मदतीची सूत्रे लंडनच्या अर्थखात्यात ज्याच्या हाती होती तो चार्ल्स ट्रेव्हेलियन कंपनीच्या नोकरीत भारतात वाढलेला अधिकारी. मदत जास्त दिली तर लोक आळशी होतील आणि बाजार बिघडेल, हे त्याचे ठाम मत. पुढे १८५९ मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर झाला आणि नंतर भारत सरकारचा अर्थसदस्य. त्याच विचाराची छाया १८७६ ते १८७८ च्या दख्खनच्या दुष्काळावर पडली. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील पुरुष मजुराचा दर दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतका खाली आणला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या कामांवर बहिष्कार टाकला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. हेच टेंपल १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. माहोनच्या कारभाऱ्याचा हिशेब आणि टेंपल यांची मजुरी ही एकाच शाळेतली गणिते होती.

टीका कोणती होते?

स्ट्रोक्सटाउनला जाणारा पर्यटक एकाच तिकिटावर वाडा, बाग आणि दुष्काळ पाहू शकतो. सहा एकरांच्या कुंपणबंद बागेत फुले पाहायची, मग तबेल्यात जाऊन उपासमार पाहायची आणि शेवटी चहा घ्यायचा, यात काहीतरी विसंगत आहे, हा आक्षेप जुना आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. वाड्याच्या दुरुस्तीला पैसा लागतो, तो तिकिटांतून येतो, आणि अशा रीतीने ज्यांनी कुळांना बाहेर काढले त्यांचेच घर कुळांच्या कहाणीवर उभे राहते, असेही म्हणता येईल.

याला एक उत्तर असे, की झोपड्या उरलेल्याच नाहीत. बेदखल कुटुंब परत येऊन राहू नये म्हणून झोपडीचे छप्पर तिथल्या तिथे पाडले जाई. माती मातीत मिसळली. दगडी वास्तू एकाच वर्गाच्या टिकल्या, आणि कागदही त्याच वर्गाच्या कपाटात. कुळांचा आवाज ऐकायचा तर तो जमीनदाराच्या दप्तरातल्या अर्जांतूनच ऐकावा लागतो, तोही बहुधा दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेला. त्यामुळे वाडा आणि तबेला एकत्र पाहणे गैरसोयीचे असले तरी त्यांना वेगळे केले तर दोन्ही अर्धवट होतात. दिवाणखान्यात आधी जाऊन आलेला माणूस तबेल्यातले हिशेब वेगळ्या नजरेने वाचतो.

पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे. खासगी मालकाच्या हौसेवर राष्ट्रीय म्हणवणारे संग्रहालय किती वर्षे चालणार? २०१५ मध्ये आयरिश हेरिटेज ट्रस्टने व्यवस्थापन हाती घेतले. त्यानंतर सुमारे ५० लाख युरो खर्चून संग्रहालयाची नव्याने मांडणी झाली आणि २०२२ मध्ये ते पुन्हा उघडले. निधी पर्यटन खात्याच्या यंत्रणेकडून आणि वेस्टवर्डकडूनही आला. आता ध्वनी, प्रकाशचित्रे आणि स्पर्शपडदे आहेत. जुन्या मांडणीत फलकांवर मजकूर भरपूर होता, वाचायला वेळ लागे. नवी मांडणी शाळकरी मुलांना धरून ठेवते, पण कारभाऱ्याचे ते थंड हस्ताक्षर समोर ठेवले की ध्वनिप्रकाशाची गरज फारशी उरत नाही, हेही खरे.

गेलेल्यांचे पुढे काय झाले?

१,४९० जणांपैकी बहुतेकांचा माग लागलेला नाही. संशोधक आजही त्यांचे वंशज शोधत आहेत. गेलेल्यांत टाय नावाचे एक कुटुंब होते. त्यातली डॅनियल आणि कॅथरिन ही दोन लहान भावंडेच जगली. क्वेबेकमधील एका फ्रेंचभाषक शेतकरी कुटुंबाने त्यांना घरी नेले. भावंडांची ताटातूट होऊ नये म्हणून दोघांना एकत्रच ठेवले आणि त्यांचे आडनावही बदलले नाही. २०१३ मध्ये डॅनियलचा एक वंशज स्ट्रोक्सटाउनला येऊन गेला.

ते ज्या वाटेने गेले ती आता १६५ किलोमीटरची पायवाट म्हणून आखलेली आहे. ती संग्रहालयापाशी सुरू होते आणि कालव्याच्या काठाने डब्लिनच्या गोदीपर्यंत जाते. सायकलनेही जाता येते. वाटेवर ठिकठिकाणी लहान मुलांच्या बुटांच्या कांस्य प्रतिकृती बसवल्या आहेत, तीसहून अधिक. मूळ जोड एका जुन्या घराच्या छपरात खोचलेला सापडला होता. चामड्याचा, झिजलेला, दोन्ही बूट एकमेकांना बांधलेले.